विमा संपलेल्या टेम्पोचं चलन: कोर्टात लढायचं की दंड भरायचा?



छोटा हत्ती किंवा टेम्पो घेऊन धंदा सुरू केलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. विमा संपल्याचं चलन मोबाईलवर येतं, ते तसंच पडून राहतं, आणि कोर्टाची नोटीस आली की एजंटची शोधाशोध सुरू होते. माझं मत सांगतो. कोर्टाला घाबरू नका, पण हातात कागद असेल तरच लढायला जा.

आधी चलनावरची तारीख आणि वेळ बघा, मग पॉलिसी उघडा. पॉलिसीवर ती कधीपासून लागू झाली हे छापलेलं असतं, अगदी वेळेसकट. तुमचा विमा तेव्हा चालू होता आणि फक्त ऑनलाइन रेकॉर्डमध्ये दिसला नाही, तर कंटाळून दंड भरून टाकू नका. आधी ऑनलाइन तक्रार करा. तिथे काम झालं नाही, तर पॉलिसी आणि प्रीमियमची पावती घेऊन कोर्टात उभे राहा. रस्त्यावर तपासणीत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, पण कोर्टात जाताना प्रिंट काढून न्या. "साहेब, नेट येत नाहीये" हे तिथे कोण ऐकणार?

आता दुसरी बाजू. विमा खरंच संपला होता. मग "दुसऱ्याच दिवशी काढला हो" म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. इथे हट्टाने तारखा घेण्यात काही अर्थ नाही. समजा, टेम्पोचे दिवसाला १,५०० रुपये सुटतात आणि तीन तारखांना तुम्ही गेलात. ४,५०० रुपये गेलेच, वकिलाची फी वेगळी, आणि रोजचं गिऱ्हाईक तेवढ्यात दुसऱ्या टेम्पोवाल्याने पकडलं. त्यापेक्षा नवी पॉलिसी काढा, ती सोबत घेऊन जा, कबूल करा, दंड भरा, पावती जपून ठेवा. लोकअदालतीची नोटीस आली तर तोही मार्ग चांगला. फक्त तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही, म्हणून आकडा नीट वाचून मगच सही करा.

नोंदणीचं प्रकरण जरा फसवं आहे. "आरसी आहे ना खिशात!" असं आपण म्हणतो. पण मालवाहू गाडीचं फिटनेस संपलं, तर कलम ५६ प्रमाणे ती नोंदणीच वैध धरली जात नाही. नव्या गाडीला पहिलं फिटनेस दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि नंतर दरवर्षी. सेकंड हँड टेम्पो घेणाऱ्यांनी तर ही तारीख सौद्याच्या आधीच बघावी. वैध नोंदणीशिवाय गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये आहे.

खरं सांगायचं तर दोन हजारांच्या चलनावर चिडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विमा नसताना कुणाला धडक बसली तर काय, हे कोणी विचारत नाही. जखमी माणूस किंवा मृताचे घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. भरपाई माणसाचं वय आणि कमाई बघून ठरते, ती लाखांत जाऊ शकते. विमा कंपनीच नाही म्हटल्यावर ती द्यायची कोणी? मालकाने. गाडी पगारी ड्रायव्हर चालवत होता म्हणून मालक सुटत नाही. पैसे भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. आणि रात्रीच्या अपघातासाठी सकाळी काढलेली पॉलिसी काही कामाची नाही.

म्हणून नोटीस आली असेल तर वकील शोधण्याआधी विमा काढा. फुल इन्शुरन्स संपून ९० दिवस उलटले, तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करायला सांगते, त्यात एखादा दिवस जाईल, तोही धरून चाला.