फुलांची मुंडकी उडवणारा शेतकरी

नेदरलँड्समधल्या लिसे गावाजवळची ट्यूलिपची शेतं पाहायची तर एप्रिलमध्ये, आठ-दहा जणांनी मिळून, सायकलवरून आणि वाटाड्या बरोबर घेऊन! मोठ्या बसमधली मंडळी कॉइकेनहोफची प्रसिद्ध बाग बघून परततात. (आईबाबांना विचारा, 1981 सालच्या ‘सिलसिला’ चित्रपटात त्यांनी ती पाहिली असेल.) बाग सुंदरच, दरवर्षी तिथे सुमारे 70 लाख कंद लावतात. पण खरी गंमत बाहेर, शेतात.

लाल, पिवळे, जांभळे पट्टे ऐन भरात आले, की एक यंत्र येतं आणि सटासट सगळ्या फुलांची मुंडकी उडवतं! कारण इथलं पीक फूल नव्हेच, पीक आहे जमिनीखालचा कंद. फूल राहिलं तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. आपल्याकडे कांद्याला डेंगळे आले की कांदा पोसत नाही ना, तसंच.

मग फुलू तरी का देतात? तपासणीसाठी. पाकळीवर भलत्याच रंगाच्या रेघा दिसल्या, की झाडाला विषाणूची बाधा. ते लगेच काढून टाकतात. आणि 1637 साली याच रेघाळ ट्यूलिपसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजत होते!

वाटाड्या सायकली कडेलाच थांबवतो. फोटोसाठी शेतात शिरलं तर रोपं मोडतात, बुटांच्या मातीतून रोगही पसरतो. फुलं हवीच असतील, तर रस्त्याकडेच्या टपरीवर जुडी मिळते.