इंजिन म्हणजे चूल नव्हे!

"काळं ऑइल फेकायचं कशाला? गाळून डिझेलमध्ये ओता!" हा सल्ला तुम्ही गावाकडे कधी ना कधी ऐकलाच असेल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, पण सुट्ट्या मात्र करमाळा तालुक्यातल्या केमला, मामांकडे. ट्रॅक्टर, विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि हा सल्ला, तिन्हींशी ओळख तिथलीच. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं, "काय हुतंय त्याला? चुलीत गेलं की सगळं जळतंय!"

मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इंजिन म्हणजे चूल नव्हे. आणि गंमत म्हणजे यात बचतसुद्धा नाही!

आधी हिशोबच करू. ट्रॅक्टरचं ऑइल 250 तासांनी बदललं आणि 8 लिटर काळं ऑइल निघालं असं धरा. तासाला 4 लिटर या दराने तेवढ्या वेळात डिझेल लागलं 1000 लिटर. म्हणजे वाचलं किती? शेकड्याला एक लिटरसुद्धा नाही! 90 रुपये भाव धरला तर 720 रुपये. त्यातून ते ऑइल विकून जे पैसे आले असते ते वजा करा. एवढ्यासाठी आपण पंप आणि नोझल पणाला लावतो. पंपाचं काम एकदा निघालं की अशा कित्येक वेळची "बचत" एका बिलात जाते. शिवाय ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो, तो तोटा वेगळाच.

आता नुकसान कसं होतं ते पाहू. 40 अंश तापमानाला डिझेलची व्हिस्कॉसिटी 2 ते 4.5 सेंटिस्टोक असते, तर ट्रॅक्टरच्या 15डब्ल्यू-40 ऑइलची शंभरच्या आसपास. निघालेलं 8 लिटर ऑइल कोणी मोजून हजार लिटरमध्ये मिसळत नाही, ते एकाच टाकीत जातं. मग मिश्रण घट्ट होतं, नोझलमधून बारीक फवारा उडण्याऐवजी मोठे थेंब पडतात. ते पूर्ण जळत नाहीत. धूर काळा येतो, नोझलच्या तोंडाशी कार्बन साठतो.

"पण आम्ही फडक्यानं गाळतो की!" पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर आणि बॅरल यांच्यात फट असते जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. ऑइलमधली काजळी आणि घासलेल्या लोखंडाची बारीक पूड धोतराच्या फडक्यातून आरामात जाते. शिवाय ऑइलमध्ये मुळातच झिंक, फॉस्फरस, कॅल्शियमची संयुगं घातलेली असतात. ती विरघळलेली असल्यामुळे कुठलाच फिल्टर त्यांना अडवत नाही. चुलीतसुद्धा सगळं जळत नाही, राख उरतेच ना? तशीच ही राख व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. चुलीतली राख रोज सकाळी काढता येते, इंजिनमधली कोण काढणार?

नव्या गाड्यांची गोष्ट तर आणखी गंभीर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. त्या डिझेलमध्ये सल्फर जास्तीत जास्त 10 पीपीएम असतं, साध्या इंजिन ऑइलमध्ये काही हजार पीपीएम. गाडीच्या सायलेन्सरमधला पार्टिक्युलेट फिल्टर काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण राख त्याला जाळता येत नाही. तो हळूहळू तुंबतो.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांनीही हे केलंय. खरं आहे! कमिन्सची 'सेंटिनेल' नावाची सिस्टिम होती. ती वापरलेलं ऑइल थोडं थोडं डिझेलमध्ये जाळायची आणि तितकंच नवं ऑइल इंजिनात भरायची. पण ते प्रमाण मशिन ठरवायचं, आणि हा जमाना असे फिल्टर येण्याआधीचा. डबा उचलून टाकीत उपडा करणं म्हणजे सेंटिनेल नव्हे.

"माझा जुना ट्रॅक्टर तर असाच चालतोय," हेही खरं असेल. जुनी इंजिनं सोशिक असतात. लगेच बंद पडली असती तर ही सवय कधीच सुटली असती! झीज गुपचूप होते आणि बिल आलं की दोष पंपवाल्या मिस्त्रीला.

मग काळ्या ऑइलचं करायचं काय? 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. ते ओढ्यात ओतू नये, चुलीत जाळू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवावं आणि गॅरेजमार्फत मान्यताप्राप्त रिसायकलरकडे द्यावं. त्यापासून पुन्हा बेस ऑइल बनतं. 1 एप्रिल 2024 पासून तर वापरलेल्या ऑइलच्या रिसायकलिंगची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच टाकली आहे. हे गावातल्या गॅरेजपर्यंत पोचवायला मात्र कोणी फारसं येत नाही.

ते काम आपण का करू नये? केमचं कुंकू प्रसिद्ध आहे. हळदीचं कुंकू कोणतं आणि नुसता रंग दिलेली पावडर कोणती, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. कुंकवातली भेसळ ओळखणाऱ्या गावाला डिझेलमधली भेसळ पटायला कितीसा वेळ लागेल? या सुट्टीत गावी जाल तेव्हा 720 रुपयांचा हा हिशोब पाटीवर नाहीतर वहीच्या पानावर मांडून दाखवा. लेक्चर देऊ नका, आकडेच बोलतील!