शिल्लक

व्हेनिसने २०२४ साली, ठराविक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर ५ युरो प्रवेशकर लावला. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. म्हणजे जवळजवळ आमच्या बँकेचीच! चारनंतर फुकट. मी अर्थातच संध्याकाळी फिरायला निघालो.

रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक आकडा लावलेला आहे, जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. १९५१ साली ते पावणेदोन लाखांच्या घरात होते. २०२२ साली पन्नास हजारांच्या खाली आले. असं खातं काउंटरवर आलं की आम्ही हळूच विचारतो, "काय हो, घरी सगळं ठीक ना?"

मान वर केली. निम्म्या खिडक्या अंधारात. घरं पाहुण्यांना भाड्यानं गेलेली.

आता मला सांगा, दुखणं घरांचं आणि वसुली वेशीवर? पाच युरोंनी गर्दी हटत नाही, फक्त मोजली जाते. बंधन घालायचं तर त्या भाड्याच्या घरांवर घाला! मुद्दल रोज घटतंय आणि नगरपालिका व्याज मोजत बसलीय.

परतताना एका खिडकीतून कांदा परतल्याचा वास आला. प्रवेशकर द्यायचाच, तर मी तिथं दिला असता.