भूखंड देण्याआधी मुदत विचारा

मुंबई आणि नवी मुंबईच्या नागरिकांनो,

२०१९ साली राज्याच्या गृह विभागाने सिडकोकडे नेरुळमध्ये सुमारे तीन एकर जागा मागितली होती. बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांना ठेवण्यासाठी तिथे डिटेन्शन सेंटर, म्हणजे स्थानबद्धता केंद्र उभारायचे होते. तो प्रस्ताव बारगळला, विषय मात्र संपला नाही. मुंबई महापालिकेने दिलेली जागा निकषांत बसत नाही, म्हणून दुसरी मागितली आहे, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात सांगितले. पुढे १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदाही लागू झाला. तेव्हा आज ना उद्या कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी सेक्टरमध्ये या केंद्रासाठी भूखंड निघेलच. त्या दिवशी शेजारच्या सोसायट्यांत पहिली चर्चा होईल ती फ्लॅटच्या भावाची आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेची. ही काळजी आम्ही समजू शकतो. पण सरकारला विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: आत नेलेला माणूस बाहेर कधी येणार?

तळोजा कारागृह इथून लांब नाही. तिथल्या शिक्षा झालेल्या कैद्याला आपल्या सुटकेची तारीख ठाऊक असते आणि कच्च्या कैद्याला निदान जामिनाचा अर्ज करता येतो. स्थानबद्धता केंद्रातला माणूस शिक्षा भोगत नसतो. त्याला परत पाठवेपर्यंत ठेवलेले असते, आणि ते पाठवणे त्याच्या देशाने प्रवासाचे कागद देण्यावर अवलंबून असते. त्या देशाने उत्तरच दिले नाही, तर भिंतीआडचा हा मुक्काम लांबतच जातो. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत सापडलेल्या परदेशी लोकांसाठी हे केंद्र हवे, असे सरकार सांगते. त्यांतल्या ज्याने न्यायालयाने दिलेली शिक्षा पुरी भोगली आहे, त्याला त्यानंतर किती दिवस कोंडायचे, हे कोणी सांगत नाही.

आसामने हा अनुभव घेतला आहे. तिथे वर्षानुवर्षे लोकांना तुरुंगांच्याच आवारात ठेवले जाई. तीन वर्षे उलटलेल्यांना अटींवर सोडा, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०१९ मध्ये सांगावे लागले आणि करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ती मर्यादा दोन वर्षांवर आणावी लागली. मग गोलपाडा जिल्ह्यात मातिया इथे तीन हजार माणसांसाठी स्वतंत्र वसाहत उभी राहिली. खर्च ४६ कोटींच्या घरात गेला, नाव ‘ट्रान्झिट कॅम्प’ ठेवले. ट्रान्झिट म्हणजे वाटेतला थांबा, पण इथून वाट पुढे जातच नव्हती. २०२४ मध्ये तिथल्या अपुऱ्या पाण्यावर आणि शौचालयांच्या दशेवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक खंडपीठावर असताना, न्यायालयाने आसाम सरकारला विचारले की ६३ जण परदेशी ठरले आहेत, तर त्यांना पाठवायला मुहूर्ताची वाट पाहता आहात का? परदेशातला पत्ता माहीत नाही, असे सरकारचे उत्तर होते. केवळ पत्ता नाही म्हणून माणसे आत राहिली होती.

‘मग घुसखोरांना मोकळे सोडायचे का?’ असे विचारले जाईल. मुळीच नाही. जो परदेशी आहे आणि ज्याच्याकडे राहण्याची परवानगी नाही, त्याला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे आणि आम्ही तो मानतो. पण परत पाठवण्याची तयारी खरोखर चालू असेल तोवरच कोंडून ठेवण्याला अर्थ आहे. ती थांबली, की अटी घालून, पोलीस ठाण्यात हजेरी लावून माणसाला बाहेर ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. आणि मुदत मागणे म्हणजे घाई मागणे नव्हे. जून २०२५ मध्ये मीरा रोडहून उचललेल्या, मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशात ढकलून दिले गेले. तो भारतीय निघाला आणि त्याला परत आणावे लागले. म्हणून मुदतीबरोबर सुनावणी आणि वकील हवाच, नाहीतर दिवस वाचवण्याच्या नादात आपलाच माणूस सीमेपार जातो.

‘तुम्हाला फक्त आपल्या दारात नको आहे,’ हा दुसरा आक्षेप. केंद्र उरणला किंवा पालघरला न्या, असे आम्ही म्हटले असते तर तो खरा ठरला असता. अटी पाळल्या जाणार नसतील तर ते कुठेच नको. शिवाय जागा कुठली घेतली जाते, तेही पाहा. बेंगळुरूजवळ सोंडेकोप्पा इथे गरीब विद्यार्थ्यांचे बंद पडलेले वसतिगृह घेतले गेले. त्याला उंच कुंपण आणि काटेरी तारा आल्या, टेहळणी मनोरे आले. गाझियाबादमध्ये दलित विद्यार्थ्यांचे आंबेडकर वसतिगृह निवडले होते, आणि २०२० मध्ये विरोध झाल्यावरच सरकारने माघार घेतली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, त्या महाराष्ट्राला याचे दुःख अधिक वाटायला हवे. नवी मुंबईची जमीन तर शेतकऱ्यांकडून शहर वसवण्यासाठी म्हणून घेतलेली आहे. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या जमिनीचा तुकडा कशासाठी जातो, हे विचारण्याचा हक्क इथल्या गावांना आणि सेक्टरांना दोघांनाही आहे.

भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती एका महिन्यात मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, तेव्हा लक्ष ठेवा. आरक्षण न बदलताच जागा दिली गेली, तर माहितीच्या अधिकारात करारनामा मागा. हरकतीत फ्लॅटच्या भावाबद्दल लिहू नका. लिहा, की जास्तीत जास्त किती महिने ठेवणार हे लेखी द्या, प्रत्येकाला वकील द्या, मुलांना आईबापांपासून तोडू नका, आणि जिल्हा न्यायाधीशांना दर महिन्याला आत जाऊन पाहू द्या. लेखी उत्तर आल्याशिवाय भूखंडाला संमती देऊ नका.