लावे घराजवळ पाळा, घरात नको

गेल्या काही वर्षांत खानापूर-बेळगाव भागातील आमच्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत एक नवा पाहुणा येऊन राहिला आहे. हा पाहुणा म्हणजे जपानी लावा. कोणाच्या सोप्यात, कोणाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तर कोणाच्या घरी आजीच्या खाटेच्या उशाशीच त्याचा पिंजरा ठेवलेला असतो. पक्षी लहान, खातो थोडे, अंडी देतो पुष्कळ आणि मुलांना त्याचा लळा लागतो. मग तो घरात ठेवला तर बिघडले कुठे, असे भाविक आम्हांला विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे. लावे जरूर पाळावेत. परंतु माणसे निजतात किंवा अन्न शिजते त्या खोलीत पाळू नयेत.

प्रथम हा पक्षी काय आहे ते पाहू. जपानात तो फार पूर्वीपासून माणसाळला आहे. आपल्या देशात तो १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधन केंद्रात आणला गेला आणि तेथून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. पूर्ण वाढलेला लावा साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. सहा-सात आठवड्यांची मादी अंडी घालू लागते आणि चांगले खाद्य व पुरेसा उजेड मिळाला तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. अंड्यातून पिल्लू सतरा-अठरा दिवसांत बाहेर पडते. पण ही मादी बहुधा खुडूक बसत नाही, म्हणून उबवणीसाठी यंत्र लागते. एवढ्या गुणांचा पक्षी गरिबाच्या उपयोगाचा आहे, यात शंका नाही.

तथापि, घरातली खोली त्याला मानवत नाही. लावा घाबरला की सरळ वर उसळतो. पिंजरा दोन-तीन फूट उंच आणि वर कडक जाळी असली की डोके फुटते, कधी मानही मोडते. भांडे पडले, मूल धावत आले, टीव्हीचा आवाज वाढला, की हेच घडते. शिवाय घरात रात्री अकरापर्यंत दिवे असतात आणि पहाटे पाचला पुन्हा लागतात. अंड्यांसाठी चौदा ते सोळा तासांचा उजेड पुरे. त्यापुढे पक्ष्याला अंधार आणि स्वस्थता हवी. ज्याला रात्रच मिळत नाही तो पक्षी बेचैन होतो आणि एकमेकांना टोचू लागतो. पहाटे नर ओरडू लागले की माणसांचीही झोप जाते, ही गोष्ट वेगळी.

आता माणसांचे पाहू. पक्ष्याची विष्ठा, पिसांचा भुगा आणि खाद्याची धूळ हवेत सतत मिसळत असते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. आमच्या भागात जून ते सप्टेंबर दारे-खिडक्या बंद असतात, चुलीचा धूर आधीच घरात असतो, आणि नेमका त्याच दिवसांत पिंजरा ओल लागू नये म्हणून आत आणला जातो. दमेकरी माणसाला, तान्ह्या मुलाला आणि वृद्धांना हे सोसत नाही. काही माणसांच्या फुप्फुसांना पक्ष्यांच्या धुळीची विशेष बाधा होते. पिंजरा झाडल्यावर चार-सहा तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागणे ही त्याची खूण आहे. हा त्रास वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. म्हणून ज्याच्या घरी पक्षी आहेत त्याने खोकल्यासाठी दवाखान्यात गेल्यावर ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून सांगितली नाही, असे होऊ नये.

दुसरा धोका साल्मोनेला जंतूंचा. पक्षी धडधाकट दिसत असला तरी त्याच्या विष्ठेत हे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, उलट्या व ताप येतो आणि लहान मुले लवकर खचतात. यास्तव पाच वर्षांखालील मुलांनी लावे हाताळू नयेत, कोणीही हाताळल्यास साबणाने हात धुवावेत, पिंजऱ्याचा पत्रा स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये आणि अंडी बलक घट्ट होईपर्यंत उकडावीत.

तिसरी गोष्ट बर्ड फ्लूची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग भारतात पहिल्यांदा आढळला आणि तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने माराव्या लागल्या. त्यानंतर देशात तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. लावेही त्याला बळी पडतात. पक्षी एकाएकी पटापट मरू लागले तर ते खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. जनावरांच्या दवाखान्यात ताबडतोब कळवावे. आता विचार करा, असा पक्षी अंगणापलीकडच्या खुराड्यात मेला आणि मुलाच्या अंथरुणाशेजारी मेला, यांत केवढा फरक आहे!

काही विक्रेते सांगतात की लाव्याच्या अंड्याने दमा जातो, मधुमेह बरा होतो. आमच्या शेतकऱ्यांनी या बोलण्याला भुलू नये. अंडे हे उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. लाव्याचे अंडे दहा-बारा ग्रॅमचे असते. म्हणजे अशी पाच अंडी मिळून कोंबडीचे एक अंडे होते, आणि त्यांतून मिळणारे पोषणही जवळजवळ तेवढेच. दमेकऱ्याने औषध बंद करून अंडी खावीत आणि वर पक्षी उशाशी बाळगावेत, याला काय म्हणावे? ज्याला अंड्याची ॲलर्जी आहे त्याने ही अंडीही टाळावीत.

मग पाळावे कसे? पडवीच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीच्या आडोशाला, पावसाची झड न लागेल अशी जागा निवडावी. पिंजरा लांबरुंद पण बुटका असावा; उंची दहा-बारा इंचांपेक्षा जास्त नको, आणि छताला आतून कापड किंवा गोणपाट ताणून बांधावे. एका चौरस फुटात चार-पाचांपेक्षा अधिक पक्षी कोंबू नयेत. तळाशी भाताचा कोरडा तूस पसरावा आणि तो ओला होताच बदलावा. जाळी बारीक असावी, कारण उंदीर, मुंगूस, साप आणि मांजर हे सारे लाव्याचे वैरी आहेत. एका पसरट पत्र्यात कोरडी बारीक माती ठेवावी. धुळीत अंघोळ करणे ही या पक्ष्याची गरज आहे. दोन-तीन माद्यांमागे एकच नर ठेवावा, नाहीतर मारामाऱ्या होतात.

पिल्ले पहिले दोन आठवडे फार नाजूक असतात. सात-आठ ग्रॅमचे ते पिल्लू थंडीने मरते किंवा पाण्याच्या बशीत बुडते. म्हणून नवख्याने तीन-चार आठवड्यांचे पक्षी घेणे बरे. लहान पिल्ले घेतलीच तर सुरुवातीला सुमारे पस्तीस अंशांची ऊब द्यावी आणि पाण्याच्या बशीत स्वच्छ खडे घालावेत. निव्वळ कण्या व कोंडा घालून लावे पोसले जात नाहीत. वाढत्या पिल्लांना शेकडा चोवीसहून अधिक प्रथिने असलेले खाद्य हवे. बुरशी आलेला मका किंवा शेंगपेंड पक्ष्यांना कधीही घालू नये. बुरशीचे विष त्यांच्या यकृताला मारते. झाडण्यापूर्वी थोडे पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे आणि विष्ठा उकिरड्यात कुजवून मगच मिरची-वांग्यांना घालावी.

यावर कोणी म्हणेल, "फादर, आमचे घर एका खोलीचे, अंगण नाही. आम्ही काय करावे?" हा प्रश्न खरा आहे आणि तो गरिबांचाच आहे. आमचे उत्तर कडू वाटेल, पण सांगितले पाहिजे. एकाच खोलीत माणसे, चूल आणि पक्षी असे राहू नये. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकाच्या परसात सामाईक खुराडे बांधावे, खाद्याचा खर्च व अंडी वाटून घ्यावीत आणि पाळीने साफसफाई करावी. शेजारधर्म म्हणजे तरी दुसरे काय?

आणखी एक. शेतातले गवत कापताना रानलाव्यांची घरटी सापडतात. मुले पिल्ले उचलून घरी आणतात. तसे करू देऊ नये. रानातले लावे पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. पाळायचे ते जपानी लावे परवानाधारक उबवणी केंद्रातून घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी.

पवित्र शास्त्रात लाव्यांचा उल्लेख आपणांस माहीत आहे. अरण्यात भुकेल्या इस्राएल लोकांना देवाने लावे दिले, हे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. गणनेच्या अकराव्या अध्यायात मात्र तेच लावे लोकांनी हावरटपणे रात्रंदिवस गोळा केले आणि त्यांच्यावर मरी आली. देणगी तीच होती; घेण्याची रीत बदलली आणि ती घातक ठरली. पक्षी देवाचा, आजीचा श्वासही देवाचाच. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याला त्रास देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मृगापूर्वी आपण छपराची कौले चाळतो, सरपण भरून ठेवतो. त्याच आठवड्यात पडवीला लाव्यांसाठी आडोसाही करून घ्यावा आणि पिंजरा घरातून बाहेर काढावा, एवढीच आमची सर्व कुटुंबप्रमुखांना विनंती आहे.