पाहुणा दारात, किल्ली कोणाकडे?

गेल्या रमजानमध्ये आमच्या शाखेने वस्तीतल्या शेजाऱ्यांसाठी इफ्तारचा कार्यक्रम ठेवला. साठेक पाहुणे आले. शाळेतले शिक्षक होते, शेजारच्या सोसायटीतली मंडळी होती, गणेश मंडळाचे कार्यकर्ते होते. बिर्याणी उत्तम झाली होती. मगरिबची अजान झाली, आम्ही खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलो आणि सगळेच्या सगळे नमाजसाठी उठून गेलो. हॉलमध्ये पाहुणे राहिले आणि त्यांच्यासमोर झाकलेली ताटे. खायला सुरुवात करायची की थांबायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पंधरा मिनिटांनी आम्ही परतलो तेव्हा एक निवृत्त गुरुजी हसत म्हणाले, "आम्हाला वाटलं, आमचंच काही चुकलं."

पुढे पावसाळ्यात, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस असताना, आमच्या शाखेचे संकेतस्थळ बंद पडले. नऊ दिवस बंद राहिले. अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे लागतात, ही सगळी माहिती त्यावर होती आणि आम्हीच मोहल्ल्यात पत्रके वाटून मुलांना तो पत्ता दिला होता. कारण शोधले तेव्हा कळले की डोमेन एका जुन्या साथीच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले होते. साथी नोकरीसाठी आखातात गेले होते. नूतनीकरणाची स्मरणपत्रे येत होती, पण ते आता उघडतही नाहीत अशा खात्यावर. त्या नऊ दिवसांत एका मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. "भाई, तुमचा पत्ता चुकीचा आहे का?" पत्ता बरोबर होता. आम्हीच घरी नव्हतो. त्या मुलीचा अर्ज त्या वर्षी राहिला.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. दुसऱ्यांची संकेतस्थळे चालू ठेवण्याचा मला पगार मिळतो. म्हणून ही चूक दुसऱ्या कोणावर ढकलण्याची मला सोय नाही. दोन्ही प्रसंगी आमच्याकडे मन होते, पैसाही होता. नव्हती ती व्यवस्था. इंग्रजीत दोन्ही कामांना एकच शब्द आहे, होस्टिंग. आणि ज्या यंत्रावर संकेतस्थळ राहते त्याला सर्व्हर म्हणतात, म्हणजे वाढणारा. पाहुणा येईल तेव्हा वाढणारा जागेवर हवा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

आपल्या दीनमध्ये पाहुणचार हा केवळ शिष्टाचार नाही, तो पाहुण्याचा हक्क आहे. कुरआनच्या सूरह जारियातमध्ये हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे येतात तो प्रसंग आहे. त्यातला तपशील पाहावा. ते गाजावाजा न करता आत जातात, उत्तम अन्न घेऊन येतात, ते पाहुण्यांच्या जवळ ठेवतात आणि खाण्याचा आग्रह करतात. आमच्या इफ्तारमध्ये नेमका हा शेवटचा भाग राहून गेला. अन्न जवळ ठेवले होते, 'घ्या' म्हणणारा कोणी नव्हता.

आता कामाचे बोलू. येत्या रमजानमध्ये ज्या शाखा असा कार्यक्रम ठेवणार आहेत, त्यांनी आमच्या अनुभवावरून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

निमंत्रणात 'संध्याकाळी सात वाजता' असे ढोबळ लिहू नका. इफ्तारची वेळ मिनिटाची असते. पाहुण्यांना अर्धा तास आधी बोलवा आणि ती वेळ तशी का आहे, हे दोन ओळींत लिहा. भाषणे असतील तर ती अजानच्या दहा मिनिटे आधी संपली पाहिजेत. तो वेळ दुआसाठी असतो आणि रोजेदाराचे लक्ष भाषणात नसते. नमाजच्या वेळी पाहुण्यांसोबत कोण थांबणार, त्यांची नावे आदल्या दिवशी ठरवा. चार जण थांबले आणि त्यांनी नंतर आपली वेगळी जमात केली, तरी चालते. ज्यांना नमाज पाहायची असेल त्यांना मागे खुर्च्या द्या.

शाकाहारी जेवण म्हणजे बिर्याणीतले मटण बाजूला काढणे नव्हे. भांडी वेगळी, पळी वेगळी, शक्य तर टेबलही वेगळे ठेवा. प्रत्येक पदार्थापुढे मराठीत चिठ्ठी लावा, म्हणजे पाहुण्याला संकोचून विचारावे लागत नाही. जैन शेजाऱ्यांना बोलावत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्यातले अनेक जण सूर्यास्तानंतर खात नाहीत, काही जण पाणीही पीत नाहीत. आपली इफ्तार सुरू होते तेव्हा त्यांची वेळ संपते. म्हणून आधी विचारा आणि सूर्यास्तापूर्वी त्यांच्यापुढे फळे व पाणी ठेवा. त्यांनी खाल्ले आणि आपण थांबलो, यात अवघडण्यासारखे काही नाही. उलट दोन्हीकडचे उपवास एका सूर्याकडे पाहून चालतात, हे दोघांनाही त्या दिवशी कळते.

दस्तरख्वान सुंदर दिसतो, पण गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची लागते. स्त्री पाहुण्यांची बसण्याची व्यवस्था काय आहे, हे त्यांना दारात नव्हे, निमंत्रणातच कळले पाहिजे. फोटो काढण्यापूर्वी विचारा. आलेला माणूस शेजारी म्हणून आला आहे, आपल्या फलकाची शोभा म्हणून नव्हे. आणि उरलेले अन्न कुठे जाणार, हे देग चुलीवर चढण्यापूर्वी ठरवा. शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. रात्री अकराला फोनाफोनी करून मग वाटलेले अन्न सदका नव्हे, दुसऱ्याच्या पोटाला जोखीम आहे.

आता दुसरे घर. संकेतस्थळासाठी दोन गोष्टी लागतात. डोमेन म्हणजे दारावरची पाटी आणि होस्टिंग म्हणजे मागची खोली. दोन्ही भाड्याच्या असतात. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. मुदत संपली की पाटी उतरते. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारख्या पत्त्यांना त्यानंतर सोडवून घेण्यासाठी ३० दिवसांचा काळ असतो, त्यात दंड भरावा लागतो. तोही गेला की तो पत्ता कोणीही घेऊ शकतो. आपल्या नावाच्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात झळकली, तर लोक आपल्यालाच विचारतील.

म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. तो ईमेल किमान तिघांना उघडता आला पाहिजे. ईमेलचा पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर डोमेन बंद पडले की स्मरणपत्रेही बंद पडतात. पैसे कोणाच्या वैयक्तिक कार्डावरून भरू नका. पाच वर्षांचे एकदम भरता आले तर भरा.

बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या ठिकाणी ठेवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली आणि ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती, अशा अनेकांचे काम कायमचे गेले. आमच्या व्यवसायातला जुना नियम असा की प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. वर्षातून एकदा बॅकअपवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून बघा. न उघडलेला बॅकअप हा फक्त दिलासा असतो.

पाहुणे एकदम येतात, हेही ध्यानात ठेवा. चाँदरातीला आणि रमजानच्या पहिल्या दिवशी सगळे एकाच वेळी वेळापत्रक उघडतात. आपण ते काय म्हणून ठेवतो? उर्दू इनपेजमधून किंवा मराठी श्री-लिपीतून काढलेले ८ एमबीचे चित्र. हजार जणांनी उघडले की ८ जीबीचा भार. तेच वेळापत्रक युनिकोड अक्षरांत लिहिले तर काही केबींत बसते, स्वस्त फोनवर लगेच उघडते, शोधले तर सापडते. आणि अंध वाचकाला त्याचा फोन ते वाचून दाखवू शकतो. चित्रातली अक्षरे तो वाचू शकेलच असे नाही. आपण स्वतःला द्विभाषिक म्हणवतो, तर दोन्ही भाषांचे दार खरोखर उघडे असले पाहिजे.

काही साथी म्हणतील, संकेतस्थळ कशाला, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे की. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप हे तिन्ही सुमारे सहा तास बंद होते. ते परक्याचे घर आहे. तिथे गप्पा माराव्यात, पण दस्तऐवज आपल्या घरी असावेत. शिवाय ग्रुपमध्ये नसलेल्या मुलीला ग्रुपचा काय उपयोग?

आणखी एक. इफ्तारला आलेल्या पाहुण्यांचे फोन नंबर आपण वहीत लिहून घेतो. संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्यांचे आधार, उत्पन्नाचे दाखले आपल्याकडे येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, पण आपल्यासाठी ही गोष्ट त्याहून जुनी आहे. ती अमानत आहे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा आणि काम संपले की पुसून टाका.

या सगळ्याला जोडणारा धागा एकच आहे, लिहून ठेवणे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असे सांगते. आपसात विश्वास असतानाही लिहा, कारण माणूस विसरतो, गावाला जातो, मरतो. प्रत्येक शाखेने एक पान लिहावे. डोमेन कुठे घेतले, मुदत कधी संपते, बॅकअप कुठे आहे, पासवर्ड कोणाकोणाकडे आहेत. त्याखाली इफ्तारचेही लिहावे. बावर्ची कोण, हॉलची किल्ली कोणाकडे, नमाजच्या वेळी कोण थांबणार. पदाधिकारी बदलले की जुन्याने नव्याला ते पान वाचून दाखवावे आणि पासवर्ड बदलावेत.

आखातात गेलेल्या त्या साथीबद्दल शाखेत कुरकुर झाली. ती अन्यायाची होती. त्यांनी सहा वर्षे स्वतःच्या खिशातून पैसे भरले होते आणि आम्ही कधी विचारलेही नव्हते. जे काम एकाच्या खांद्यावर टाकून बाकीचे निवांत होतात, त्याला त्याग म्हणून गौरवणे सोपे असते. पण आपण वक्फच्या मालमत्तांचा हिशेब मागतो, नगरपालिकेकडे माहितीचा अधिकार वापरतो, प्रत्येक कागद कोणाच्या सहीने हलतो हे विचारतो. मग आपल्याच घराची किल्ली एका खिशात कशी चालेल?

गेल्या महिन्यात आम्ही ते पान लिहिले. एक पान पुरले, दोन तास लागले. डोमेन आता संस्थेच्या नावावर आहे. त्या मुलीच्या वडिलांना मी स्वतः भेटून आलो, चूक आमची होती असे सांगितले. या वर्षी तिचा अर्ज शाखेत बसूनच भरायचा ठरले आहे. आणि रमजानमध्ये नमाजच्या वेळी पाहुण्यांसोबत थांबणाऱ्या चौघांच्या यादीत माझे नाव पहिले आहे. तुमच्या शाखेचे पान लिहून झाले का, हे पुढच्या बैठकीत एकमेकांना विचारू या.