पुतळा कुणाचा बसतो?

चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना पर्वरी काही नवी नाही. तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबईचे पोलीस इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला धरलं. त्याआधी तीनच आठवडे, वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला होता. पुढे त्याच रेस्टॉरंटमध्ये पुतळा बसला. झेंड्यांचा नव्हे, शोभराजचा!

टीव्हीचं नेमकं हेच चाललंय. २०२१ साली ‘द सर्पंट’ आली. त्यातला गॉगल, सिगारेट, ते रुबाबदार कपडे आमच्या पोरांना तोंडपाठ. १९७५ साली काठमांडूजवळ मारली गेलेली अमेरिकन मुलगी आणि तिचा कॅनेडियन सोबती, ज्यांच्या खुनासाठी नेपाळात त्याला शिक्षा झाली, त्यांची नावं विचारा. कुणाला येणार नाहीत. २०२५ मध्ये झेंड्यांवरही एक सिनेमा आला, बरं वाटलं. पण त्यातसुद्धा खलनायकाचं नाव बदलून तोच हवा होता. नुसत्या झेंड्यांना बघायला कोण बसणार?

गुन्ह्याच्या मालिका बघणं पाप आहे असं मी म्हणत नाही. ‘सीआयडी’ आमच्याही घरी चालायची, जेवणाची ताटं हातात घेऊन. त्यात निदान आपण चोर पकडणाऱ्याच्या बाजूला असायचो. आता कॅमेरा खुन्याच्या खांद्यावर बसून त्याच्या नजरेनं जग दाखवतो, आणि मुलांना वाटतं धैर्य म्हणजे हेच.

‘त्यागाची गोष्ट काढली तर बघणार कोण, त्यात घडतंय काय?’ असं एक तरुण मला मिस्सानंतर म्हणाला. मी त्याला आमच्या शेजारणीबद्दल सांगितलं.

खानापूरजवळच्या आमच्या गावातून ती नवऱ्याला डायलिसिससाठी बेळगावला नेते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर. सहा वर्षं झाली, म्हणजे ९०० हून जास्त खेपा. २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे तिचं एसटीचं तिकीट सुटलं, त्याचं नाही. त्याला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, तेही चहा-आमटी धरून. भाजी कापून पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग शिजवायची. दारात माड असून शहाळं वर्ज्य. एप्रिलच्या उन्हात घरी परतल्यावर ती आधी त्याला बसवते, मग मागच्या पडवीत जाऊन पाणी पिते. त्याच्यासमोर तिनं कधी तांब्या तोंडाला लावलेला मी पाहिला नाही. तहानेनं जीव कासावीस झालेल्या माणसापुढे घटाघटा पाणी प्यायचं नाही, एवढंच. पण दररोज, सहा वर्षं! यात काही घडत नाही असं कोण म्हणेल?

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी ती विधवा आठवा. श्रीमंतांची दानं सगळ्यांना दिसत होती. तिच्याकडे बघा म्हणून शिष्यांना जवळ बोलवावं लागलं. आजही कुणीतरी बोट दाखवल्याशिवाय असली माणसं दिसत नाहीत.

मात्र एक धोका इथेही आहे, आणि तो आपल्या ख्रिस्ती मंडळींना जास्त आहे. बाईला ‘संतीण’ म्हटलं की आपण मोकळे! प्रवचनात तिचं उदाहरण, आणि मंगळवारी पहाटेची एसटी पुन्हा तिच्या एकटीच्या वाट्याला. मला विचाराल तर तिला कौतुकापेक्षा एक सुट्टी हवीय. गेल्या महिन्यात तिच्या बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, तेव्हा आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तिच्या नवऱ्यासोबत गेले. चार तास बाकावर बसून माझी पाठ मोडली, म्हणत परत आले. ती मात्र किती दिवसांनी हसत-बोलत, बांगड्या भरून आली होती.

तेव्हापासून फादरांच्या परवानगीनं चर्चच्या पडवीत एक वही ठेवलीय. ज्याला जमेल त्यानं आपला वार लिहायचा. शेजारचे हिंदू, मुसलमान, कुणीही. आतापर्यंत चार नावं आलीत. त्यातलं एक त्या तरुणाचं आहे. शनिवार अजून रिकामा आहे.